कपाटातला पिवळा गोळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी संच आहे. रंगीत गोळे आणि ते जोडायच्या काड्या, एवढंच माझं शरीर. शाळेत मला 'रेणूंची प्रतिकृती' म्हणतात. पाणी, साखर, स्वयंपाकाचा गॅस, जे जे डोळ्यांना दिसत नाही त्याचं सोंग मी घेतो. पण सोंगाड्याचं म्हणणं कोण मनावर घेतो?

माझा जन्म सावंतवाडीचा. तिथे लाकडाचे आंबे, केळी, काजू घडवणारे चितारी आहेत, त्यातल्याच एकाने मला घडवलं. निकेत सर तेव्हा मालवणजवळच्या एका बंदरावरच्या शाळेत नवेच लागले होते. विज्ञानाचं साहित्य म्हणजे चार परीक्षानळ्या आणि एक फुटकं भिंग. म्हणून सर स्वतः चिताऱ्याकडे आले.

"मास्तर, ह्या खयचा फळ?" काळा गोळा फिरवत चिताऱ्याने विचारलं. "चार भोकां कित्याक?"

"कार्बन तो. तेका चार हात आसतत."

"मगे माणसापेक्षा बरो!"

काळे, पांढरे, तांबडे गोळे भरपूर झाले. पिवळा, म्हणजे गंधकाचा, मात्र एकच झाला. रंगवायची पिवळी लाख संपली आणि सर म्हणाले, "एक पुरे." त्या 'एक पुरे'ने पुढे घात केला.

पहिली वर्षं मजेत गेली, खोटं कशाला बोलू? चिंबोरीच्या नांग्या ओढाव्यात तशी मुलं माझ्या काड्या ओढायची, बाकाखाली घरंगळवायची. एकाने तर माझा पांढरा गोळा चावून पाहिला, दातांचे व्रण अजून आहेत. सर सांगायचे, "मोठमोठे शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर असेच नमुने जुळवतात, आता संगणकावर. औषध बनवण्याआधी, कारखान्याची टाकी बांधण्याआधी. खऱ्यावर करून बघताना माणूस मरू शकतो, म्हणून आधी ह्याच्यावर बघायचं." माझी छाती फुगायची.

मग कणकवलीच्या विज्ञान प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं, आणि झालं! मला काचेच्या कपाटात बसवलं. कुलूप लागलं. देवसुद्धा पालखीत बसून वर्षातून एकदा गावात फिरतो, मी तेवढाही फिरेनासा झालो. सर वाईट नव्हते हो. त्यांचा जीव होता माझ्यावर, म्हणूनच तर तासाला काढलं की परत ठेवताना गोळे मोजायचे.

गेल्या पावसाळ्यानंतर दहावीच्या तासाला सरांनी पिवळ्या गोळ्याला दोन पांढरे गोळे जोडले. हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास म्हटल्यावर सगळा वर्ग नाक धरून हसला. वर्षाली तेवढी हसली नाही. तिचा बाप बाबली होडीवर जातो, आई शेवंती मासे विकते.

"सर, आमच्या होडयेच्या खणात असोच वास येता. मासळी कुजली काय."

सर गंभीर झाले. होडीच्या पोटातल्या ज्या खणात मासे ठेवतात, तिथे बर्फ वितळून मासळी सडली की हाच वायू तयार होतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. आणि जास्त झाला की नाकच मारतो, वास येईनासा होतो.

"म्हणजे वास गेलो तरी वायू थंयच?"

"तिथेच. माणूस उतरला की संपला."

पोरीचा चेहरा पांढरा पडला. कारण बंदरावरची रीत नेमकी उलटी होती. खणाचं झाकण काढायचं, वाकून वास घ्यायचा, घाण येईनाशी झाली की उतरायचं. मासळीवाल्यांचा सगळा भरवसा नाकावर. शेवंती माशाचा कल्ला उचलून नुसत्या वासावर सांगते, मासा कालचा की परवाचा.

दुसऱ्या दिवशी वर्षाली पुन्हा सरांकडे आली.

"सर, बाबांका सांगलंय. ते हसतत. म्हणतत, माझा नाक तुझ्या पुस्तकापेक्षा जुना आसा. दाखव तुझो तो वायू, मगे मानतलंय. माका ह्यो एक दिवस न्हेऊक देशात?"

मी कपाटात जिवाचा कान करून ऐकत होतो. ने गो बाय, ने मला!

सरांनी पिवळ्या गोळ्याकडे पाहिलं. "एकच आहे गं. बंदरावर पाण्यात पडला तर? सोमवारी शाळेची तपासणी आहे, ती होऊ दे. मग ने."

तपासणी झाली. मग सहामाही आली. मग दिवाळी. दर वेळी ती विचारायची आणि दर वेळी सर म्हणायचे, "नंतर."

पुढचं मी पाहिलं नाही. वर्गात कुजबूज झाली तेव्हा कळलं. वादळाचा बावटा लागला म्हणून बाबलीची होडी चार दिवस देवगडच्या बंदरात अडकून पडली होती. खणातला बर्फ वितळला. होडी परत आली तेव्हा शेवंती आणि वर्षाली धक्क्यावर उभ्या होत्या. बाबलीने झाकण काढलं, वाकून वास घेतला, थोडा थांबला, पुन्हा वाकला.

"गेलो वास," म्हणाला, आणि उतरला.

वर्षाली ओरडेपर्यंत तो खाली आडवा झाला होता. त्याचा भाऊ गुणाजी मागोमाग उडी टाकायला धावला, तर वर्षालीने होडीवर चढून त्याच्या कमरेला मिठी मारली.

"काका, नको! वायू हा थंय! तुमीव मरशात!"

"सोड माका! भाव आसा तो माझो!"

त्याने तिला मारलं. तिने सोडलं नाही. स्वतःचा बाप डोळ्यांदेखत जात असताना त्या पोरीने काकाला धरून ठेवलं. आकडा लावलेल्या दोराने बाबलीला वर ओढला तेव्हा सगळं आटपलं होतं.

गुणाजी तिच्याशी बोलत नाही. गावभर सांगतो, "पोरीन माका धरल्यान, नायतर भाव माझो वाचलो असतो." आणि गाव मान डोलावतो.

आता शाळेने काय केलं ऐका. माझ्या कपाटावर पितळी पाटी लावली: 'कै. बाबली धोंडू कुबल यांच्या स्मरणार्थ'. नवी काच, नवं कुलूप. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.  त्यानंतर सरांनी कपाट उघडलेलं नाही. वर्षाली व्हरांड्यातून खाली मान घालून जाते.

मित्रांनो, वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी हात जोडून उलटं सांगतो. मला जपू नका. मला न्या, हाताळा, झिजवा. पिवळा गोळा समुद्रात पडला तर पडू दे, लाकूडच ते, तरंगेल. ज्याच्यासाठी माझी गरज होती तो गेला, आता माझ्या असण्याची मला शरम वाटते.

गुणाजीने भावाची होडी पुन्हा पाण्यात घातली आहे. खण उघडला की तो वाकून वास घेतो आणि वास गेला की उतरतो. कुणीतरी ही काच फोडा रे.