लाल ठिपक्याची पातेली

मी एक जुनी, दांड्याची पातेली आहे. बुडाला काळी, कडेला पोचे, आणि दांडा जरा डावीकडे कललेला. पण मित्रांनो, म्हणून माझी कीव करू नका. कीव करून घ्यायची मला सवय नाही आणि हौस तर मुळीच नाही.

कारखान्यात ठोकून-घासून मी तयार झाले, तेव्हा माझ्यासारख्याच शेकडो बहिणी रांगेत उभ्या होत्या. एका आईने मला दुकानातून घरी आणलं आणि दांड्यावर नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला. तिच्या थोरल्या लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी होती, धाकट्याला शेंगदाण्याची आणि वर दुधाचीही. कण पोटात गेला तरी ओठ सुजायचे, श्वास अडकायचा. म्हणून घरात नियम ठरला, की लाल ठिपक्याची पातेली फक्त या दोघांची. बाकीची भांडी मला शिष्ट म्हणत असतील तर म्हणोत बापडी.

मुलांची आत्या देशाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. एका सुट्टीत सगळे गाडीने तिच्याकडे निघाले, तेव्हा शेजारणीने आईला वेड्यात काढलं. "असल्या मुलांना घेऊन इतक्या लांब? त्यापेक्षा घरी बसा की गुपचूप!"

"घरी बसायला माझ्या पोरांनी कुणाचं काय घोडं मारलंय?" आई म्हणाली आणि तिने मला बॅगेत मोज्यांच्या शेजारी कोंबलं. मोज्यांचा वास सोडला, तर तो प्रवास मला फार आवडला.

वाटेत जेवायला थांबलो, की आई मला हातात घेऊन थेट हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरायची. एका ठिकाणी आचारी भडकला. "आमची भांडी काय विष ओकतात का हो?"

"तुमची भांडी लखलखीत आहेत, दादा. पण त्यांत आधी काय शिजलं ते माझ्या मुलांच्या घशाला कळतं. भात आणि बटाटे यात शिजवा. नाहीतर सरका, मीच शिजवते."

आचारी पुटपुटत सरकला. आईने भात चढवला आणि मी त्या अवाढव्य टोपांच्या मधोमध नाक वर करून बसले.

असं करत करत आम्ही आत्याच्या घरी पोचलो. आत्या म्हणजे मायेचं माणूस. भाचरांना बघून तिला काय करू नि काय नको असं झालं. आईने तिला माझा नियम नीट समजावून सांगितला, फक्त ठिपक्याचं सांगायचं राहिलं. तिनेही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झोपेत असताना तिने मला प्रवासाने मळलेलं पाहिलं आणि तारेच्या घासणीने असं घासलं, असं घासलं, की मी आरशासारखी चमकले. दांड्यावरचा ठिपकाही तिने डाग समजून खरवडून काढला. मग मला फळीवर ठेवलं. तिथे अगदी माझ्यासारखीच तिची स्वतःची पातेली होती.

थोड्या वेळाने तिने संध्याकाळी येणाऱ्या दुसऱ्या पाहुण्यांसाठी शेंगदाणे भाजायला घेतले. घाईत हात पुढे केला आणि न बघताच उचललं ते मला! मी ओरडणार कशी? पातेलीला तोंड असतं, पण जीभ नसते. दाणे कोरडेच भाजले होते, म्हणून तिने मला फडक्याने पुसलं आणि परत फळीवर ठेवलं. दुपारी मुलांचा भात मात्र तिने माझा कललेला दांडा ओळखून आठवणीने माझ्यातच शिजवला.

पानं वाढली. माझ्यातला वाफाळता भात दोन्ही मुलांच्या ताटात पडला. धाकट्याने घास उचलला, तेवढ्यात थोरलीची नजर माझ्या दांड्यावर गेली. तिने भावाचा हात धरला.

"ठिपका कुठे गेला?"

"अगं, तो डाग मी घासून काढला," आत्या हसली. "पातेली तुमचीच आहे. खा आता."

"यात दुसरं काही केलं होतं का?"

आत्याचा चेहरा उतरला. "इतक्या मायेने रांधलं, आणि ही पोर माझीच उलटतपासणी घेते!"

हॉटेलात वाघीण झालेली आई नणंदेपुढे मात्र बिचकली. "एक घास खा गं राणी," ती हळूच म्हणाली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. मला त्या क्षणी आईचा भयंकर राग आला.

थोरलीने आपलं आणि भावाचं अशी दोन्ही ताटं दूर सारली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ताठ होता.

"आत्या, तू रागाव. आई, तूही रागाव. मी नाही खाणार, आणि त्यालाही खाऊ देणार नाही."

आत्या तणतणत स्वयंपाकघरात गेली. "दाणे माझ्याच पातेलीत भाजलेत, ही बघ दाखवते!" तिने आपली पातेली उचलायला हात घातला आणि ती थबकली. त्यात दाणे भाजायच्या आधीपासून दूध झाकून ठेवलेलं होतं. मग दाणे कशात भाजले? तिने धावत येऊन दोन्ही ताटं उचलली.

"अगं बाई, मी काय करून बसले असते!"

आईने लेकीला घट्ट कवटाळलं. "चुकले मी. तू नाही चुकलीस."

परतीच्या वाटेसाठी आईने नवी पातेली घेतली आणि मी आत्याकडेच राहिले. आता माझ्यात रोज दूध तापतं, दाणे भाजले जातात. मी मुलांच्या कामावरून निघाले खरी, पण मान खाली घालून नाही. मित्रांनो, कुणी मूल "मला हे चालत नाही" म्हणालं, तर त्याला हट्टी म्हणू नका. तुम्ही किती मायेने रांधलंत हे त्याच्या घशाला ठाऊक नसतं. भांड्याची शोभा अन्न संपण्यात, असं सगळे म्हणतात. पण माझ्यातला तो भात शितासकट टाकून दिला गेला, आणि माझ्या आयुष्यात याहून मोठा मान मला कधीच मिळाला नाही.