खुशालरावांच्या जीपची तक्रार

चढावर दम टाकते.

गोठ्यात दोन खुंटे. दोन्ही मोकळे.

तेल पिते, पेट्रोल पिते आणि वर रुसते; थोरल्या जावयासारखी.

भिंतीकडे तोंड करून बसलं की ताट लवकर संपतं.

थंडीत चालू होत नाही, उन्हात बंद होत नाही.

धूर काळा. नाही, निळा. नाही, काळाच.

यातलं गाडीचं तेवढं अकोल्यातल्या एका मोटारदुरुस्तीच्या कारखान्याच्या बाकावर बोललं जायचं. उरलेलं खुशालरावांचं होतं, आणि ते कुठेच बोललं जात नसे.

बाक निंबाखाली होता. देवराव मिस्त्री जीपगाड्या दुरुस्त करायचा आणि गाडी खोलली की मालक त्या बाकावर बसून राहायचे. अमरावतीचे ठेकेदार महादेवराव, कापसाच्या जिनवाले भगवंतराव, आणखी कोणी कोणी. भगवंतरावांच्या रेडिएटरची जाळी रुईनं बुजायची, महादेवरावांची गाडी खडी वाहून वाहून खिळखिळी झालेली. ज्याच्या इंजिनाचं दुखणं मोठं, त्याला बाकावर मान मोठा. त्याच्यासाठी चहा आधी यायचा.

खुशालराव बार्शीटाकळीहून यायचे. बायको गोदाबाई गेली, शेत बटईनं दिलं, बैलजोडी विकली आणि मग ही जीप घेतली. जीप उत्तम होती, तीच तर अडचण. बाकावर बसायचं तर तक्रार हवी.

म्हणून ते तक्रार घेऊन जायचे. कधी डावीकडून कुरकुरते, कधी मनापासून चालत नाही. देवराव बोनेट उघडून कान लावायचा आणि म्हणायचा, "पाहतो जी, बसा तुमी." ते बसायचे.

"खुशालराव, तुमच्या गाडीले होते तरी काय?" महादेवराव विचारायचे.

"सांगता येत नाही ना राजेहो."

"मंग सासरवाशिणीचं दुखनं हाये. माहेरचं मानूस दिसलं का बरी!"

सगळे हसायचे, खुशालरावही. ते हसणं त्यांना गावची वेस दिसेपर्यंत पुरायचं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावात खांदमळणी होती. वर्षभर जू ओढून सोलवटलेल्या बैलांच्या खांद्यांना घरोघरी लोणी-हळद चोळणं चाललेलं. खुशालरावांनीही वाटीत लोणी घेतलं, हळद कालवली आणि गोठ्यात गेले. तिथं उभं राहिल्यावर लक्षात आलं. लोणी परत मडक्यात टाकता येईना. त्यात हळद पडली होती.

जीप अंगणात होती. तिचा खांदा कोणता म्हणावा? त्यांनी बोनेट उचललं, आत चाचपलं. पंखा फिरवणारा पट्टा हाताला लागला. सगळी ओढ यावरच, म्हणजे हाच. त्यांनी दोन्ही अंगांनी लोणी चोळलं, हलक्या हातानं, दुखऱ्या जागेला चोळावं तसं.

"आज आवतन घ्या," ते बैलांना म्हणत तसं म्हणाले, "उद्या जेवाले या."

पोळ्याच्या दिवशी त्यांनी जीप जुंपली नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या रस्त्यावर इंजिन असं तापलं की बोनेटातून वाफांचे लोट. खुशालराव हरखले. खरी तक्रार! थांबत, पाणी ओतत, त्यांनी जीप कारखान्यात आणली आणि उतरायच्या आधीच ओरडले, "उकळली हो! निरी उकळून राहिली!"

बाकावरच्यांनी सरकून मधली जागा दिली. चहा आला. पहिला कप त्यांना.

देवरावानं बोनेट उघडलं, पट्ट्यावरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. त्यानं ते नाकाशी नेलं.

"हे काय लावलं जी पट्ट्याले?"

खुशालरावांनी कप तोंडाला लावला.

"लोनी हाये. हयद हाये. पट्टा घसरून राहिला, पंखा फिरत नाही. तापीन नाही तं काय करीन?"

"खांदमळनी!" महादेवराव उठून उभेच राहिले. "अबे, गाडीची खांदमळनी केली यायनं! शिंगाले बेगड लावली का नाही? अन् पुरनपोयी कोनत्या नळीतून देली जी?"

निंबावरचे कावळे उडावेत असा हशा झाला. खुशालरावही हसले, जरा उशिरा. भगवंतराव हसता हसता थांबले आणि आपल्या गाडीच्या जाळीकडे पाहू लागले; ती घरीही झटकता आली असती.

देवरावानं पट्टा सोड्यानं धुऊन बसवला. हात पुसत, अगदी चांगल्या मनानं तो म्हणाला, "घ्या. तुमच्या इंजिनाले काहीच नाही. खोटं काहून बोलू, कधीच काही नव्हतं. लोनी लावू नका, म्हंजे इकडे याचं कामच पडनार नाही."

बाकावरचे म्हणाले, नशीब लागते अशा गाडीले.

दिवाळीनंतर एकदा जीप कारखान्यासमोरून चालली होती.

"ओ खुशालराव! काय झालं आता?" बाकावरून महादेवराव ओरडले.

पाय ब्रेकवर गेला. कुरकुर, धूर, दम, सगळं जिभेवर आलं. देवराव हातात पाना धरून त्यांच्याकडे पाहत होता.

"काही नाही," खुशालराव म्हणाले. "मस्त चालू हाये."

"मंग जा ना बावा! आमाले काहून जळवता?"

ते गेले. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. रस्ता अमरावतीचा होता. मूर्तिजापूर मागं पडलं. बडनेऱ्याला रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. शेजारच्या ट्रकवाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"बंद करा ना जी इंजिन. मालगाडी हाये, टाइम लागीन."

"राहू द्या चालू," खुशालराव म्हणाले. "आवाज येऊन राहिला तेवढाच."

मालगाडी गेली. फाटक उघडलं, ट्रक गेला, मागचे भोंगे वाजवत पुढे गेले. खुशालरावांनी जीप कडेला घेतली आणि उलटी वळवली.

१९५८ साली ही जीप घेताना त्यांनी इंजिनाबद्दल एक शब्दही विचारला नव्हता. हिच्यात माणसं किती बसतात, एवढंच विचारलं होतं.