अक्काचा भात आणि तळ्यातले मासे

आमच्या घरात मासा कधी शिजला नाही, आणि माझी लेक वरलक्ष्मी पीएचडी करते ती माशांवर! तळ्याची खोली, गाळ, सावली, पाण्यातला प्राणवायू हे सगळं भरलं की तिचं मॉडेल सांगतं, इथे मासे किती असतील. तंजावूरच्या आसपासच्या तळ्यांत तिनं जाळी टाकून पडताळाही घेतला. सगळी तळी जुळली. आमच्या घरामागचं तेवढं हटून बसलं. मॉडेल म्हणे मासे जेमतेम, जाळं म्हणे भरपूर. कारण सापडल्याशिवाय प्रबंधावर सही नाही, असं प्रोफेसरांनी बजावलं. पोरीचं जेवणावरून मन उडालं. मला तर त्या माशांचाच राग आला.

आणि एका सकाळी दात घासताना माझी ट्यूब पेटली. माझी थोरली बहीण वेंकूबाई, आमची अक्का, तळ्याच्या पायरीवर भाताचं पातेलं घेऊन बसली होती. भावोजी गेल्यापासून ती रोज त्यांच्या नावानं माशांना भात घालते. मी रोज बघत होतो आणि वर चिडवत होतो, “सांबारही नेत जा!”

मी सांगताच वरूनं, म्हणजे आमच्या वरलक्ष्मीनं, प्रोफेसरांना फोन केला. ते म्हणाले, काही महिने भात बंद करून बघा, मासे घटतात का.

अक्काचा चेहरा उतरला. भाचीला नाही तरी कसं म्हणणार? ती नुसती पदर चाळवत राहिली.

मग म्हणाली, “भात थांबला तर काय होईल, ते तुझं यंत्र सांगत नाही कां?”

वरूनं मॉडेलमध्ये भात घातला. आकडा जाळ्याशी जुळला. भात काढला, तशी स्क्रीनवरची रेषा धाडकन खाली आली.

“जालं की!” अक्का म्हणाली. “मग त्यांस उपाशी ठेवून पहावयास हवं कां?”

प्रोफेसरांनाही ते पटलं. वरू त्या दिवशी पोटभर जेवली. अक्का मात्र त्या रेषेकडेच बघत होती.

“म्हणजे मीं गेल्यावर असं होईल,” ती म्हणाली.

गोड बोलणं मला जमत नाही, म्हणून खेकसलो, “उद्यापासून मींही येतो. शिकवून ठेव मज.”

“पहाटे उठवेल कां तुज?” अक्का हसली.

आता रोज आम्ही दोघं जातो. मासे अजून तिच्याच हाताकडे धावतात. मी तिला चिकटून बसतो.