पेटीतला शेवटचा माणूस

अकोल्यात तेव्हा कापसाच्या प्रेसमध्ये रुई पायांनी तुडवत. दोन माणसांच्या उंचीइतकी खोल लाकडी पेटी. तीत सहा गडी उतरायचे, वरून रुई पडायची आणि ती नाचून नाचून बसवायची. पेटी अर्धी भरली की गडी वर यायचे आणि लोखंडी दाब खाली यायचा. बुधाजी मुकादम सगळ्यांच्या आधी उतरे, सगळ्यांच्या मागून निघे आणि बाहेर पाय टेकल्यावर स्वतःच हाक देई, "येऊ दे!" तोवर इंजिनवाला दांड्याला हात लावत नसे.

त्याच्याच टोळीतल्या डोमाजीला हा खुळेपणा वाटे. मुकादमाने कशाला नाकातोंडात रुई घ्यावी? तो मॅनेजर गोपाळकृष्णबाबूंच्या कानी लागला. "बाबूजी, मुकादम आतच गुतून राह्यते. वरून हाका मारन तर गाठी जास्त निंघन."

बाबूंना गाठी हव्या होत्या. हंगाम भरात आला तसा डोमाजी मुकादम झाला, बुधाजी साधा गडी. घरी डोमाजीची बायको इंदूबाई शेजारणींकडून मुकादमीण म्हणवून घेऊ लागली.

बुधाजीची सवय मात्र जाईना. "चाल ना बे बुढ्या, आता तू मुकादम नाई," डोमाजी काठावरून टोचायचा. एका दुपारी पाच डोकी वर आली. सहावे येतेच आहे म्हणून डोमाजीने हाक देऊन टाकली. बुधाजी काठावर पोटाने आडवा होता. पाय आतच होता, तो दाबाखाली सापडला.

बाबूंनी आधी रक्ताळलेली रुई वेगळी काढायला लावली, मग बुधाजीला टांग्यात घातले.

दुसऱ्या दिवशी गडी पेटीभोवती उभे. उतरेना कोणी.

"मुकादम, उतरा," श्रावण म्हणाला. तो त्यांच्यात जुना.

"मी काहून?"

"मुकादम आंदी उतरते."

बाबू ऑफिसच्या दारातून पाहत होते. नाही म्हटले तर मुकादमी गेली. डोमाजी उतरला. रुई पडली, तुडवून झाली. पाच जण एकमेकांना हात देत वर गेले. डोमाजीने हात वर केला. श्रावणने त्या हाताकडे पाहिले आणि आपल्या बंडीवरची रुई झटकली.

"हाक तुमीच देजा. आमाले ते येत नाई."

ते काठाशी तंबाखू मळत बसले. गुळगुळीत फळ्यांवरून डोमाजी घसरे, पुन्हा धरी. नखे उलटली. डोक्यावर दाब लटकत होता. कोणीच हाक देणार नव्हते, पण ते त्याला ठाऊक नव्हते. शेवटी तो एकटाच कसाबसा वर चढला.

संध्याकाळी तो बुधाजीच्या घरी गेला. बुधाजीच्या बायकोने, पंचफुलाने, पाणी विचारले नाही.

"दादा, तुमचं आयकतेत ते. एक हात द्या म्हना. नाईतर सोडून देतो मी मुकादमी."

बुधाजीने खाटेवरून त्याच्याकडे मान वळवली.

"सोडू नको," तो म्हणाला. "हौस होती ना तुले. आता मरेस्तोवर कर."

"दादा, आत भेव वाटते."

"मले रोज वाटे," बुधाजी म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

सकाळी डोमाजी पेटीपाशी आला. कोणी सांगायच्या आधी आत उतरला. वरून रुई पडू लागली.