तिन्ही प्रती तंतोतंत

दिराचा स्वभाव असा, की दाराला एक कुलूप पुरत असेल तर हा तीन लावणार आणि किल्ल्या कुठे आहेत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार. वहिनी-दिरांच्या त्या दोन खोल्यांच्या एडिटिंगच्या धंद्यात चव्वेचाळीस हार्ड डिस्क होत्या आणि प्रत्येकीची नोंद त्याच्या वहीत होती. काम संपलं, तीन प्रती झाल्या, सॉफ्टवेअरने तिन्ही ताडून "जुळतात" म्हटलं, की नोंदीपुढे हिरवी खूण. खूण झाली की मूळ डिस्क पुसून पुढच्या कामाला. वहिनी कापायची-जोडायची, तो सांभाळायचा. या वाटणीवर दोघांचं कधी वाजलं नव्हतं.

अठरा वर्षं वहिनीने परक्यांच्याच फिल्म जोडल्या. कंपन्यांचे वर्धापनदिन, फरशीच्या जाहिराती, साहेबांची भाषणं. भाषणातले "अं" काढून काढून तिने कित्येक साहेबांना वक्ते केलं. स्वतःची म्हणावी अशी फिल्म एकच. पन्नास मिनिटांची, चार वर्षं खपून केलेली.

फिल्म होती एका कचेरीत एकतीस वर्षं लिफ्ट चालवणाऱ्या मावशींची. लिफ्ट जुनी, बटणांऐवजी पितळी दांडा. दांडा असा सोडायचा, की लिफ्टचा उंबरा मजल्याच्या उंबऱ्याला बोटभरही चुकता कामा नये. मावशी वर चेहऱ्याने माणसांशी बोलत आणि खाली हाताने लिफ्ट लावत, न बघता. वहिनीची फिल्म म्हणजे ते हात. शूटिंग संपलं त्याच वर्षी लिफ्ट भंगारात गेली आणि मावशी घरी बसल्या.

शुक्रवारी सकाळी दहाला चॅनेलवरून फोन आला. फिल्म सोमवारी दाखवणार. अट एकच: चित्रावर खाली छापलेली भाषांतराची अक्षरं नकोत, ते आपली घालतात. बिनअक्षरांची प्रत संध्याकाळी सहापर्यंत.

"आणि नाही जमलं तर?" वहिनीने उगाच विचारलं.

"तर पोपटांवरची एक फिल्म तयार आहे," पलीकडचा माणूस अगदी नम्रपणे म्हणाला.

"तासाभराचं काम," वहिनी दिराला म्हणाली. "अक्षरांचा थर बंद करायचा की झालं."

तिने प्रोजेक्ट उघडला. पडदा लालभडक. प्रोजेक्टची फाइल म्हणजे नुसती यादी असते, कुठला शॉट कुठून कुठपर्यंत. शॉट वेगळे ठेवलेले असतात आणि ते सापडले नाहीत, की प्रत्येकाच्या जागी लाल चौकट येते. दोनशे अडतीस लाल चौकटी.

"घाबरू नका," दीर म्हणाला. वही काढली. हिरवी खूण होती. "डिस्क एकोणीस, कपाटात. सत्तावीस, टेबलाच्या खणात. एकतीस, ताईकडे. एक जळाली, एक बुडाली, तरी एक उरते. बोला!"

एकोणीस लावली. 'सगळे शॉट' नावाचं फोल्डर होतं. आत फायली होत्या, नावं बरोबर होती, संख्या बरोबर होती. वहिनीने एक उघडली. उघडेना. दुसरी. उघडेना. मग तिचं लक्ष चिन्हाकडे गेलं. प्रत्येक चिन्हाच्या कोपऱ्यात एक इवलासा वाकडा बाण होता.

तिने खुर्ची थोडी मागे सरकवली, एवढंच.

"काय झालं?"

"भाऊजी, हे शॉट नाहीत. शॉर्टकट आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे घर नाही. घराचा पत्ता."

ते फोल्डर तिनेच केलं होतं. एकच शॉट तारखेप्रमाणेही दिसावा आणि विषयाप्रमाणेही, म्हणून तिने मूळ शॉट जागच्या जागी ठेवून त्यांचे शॉर्टकट नीट लावले होते. नाव दिलं 'सगळे शॉट'. दिराने नाव वाचलं, फोल्डर उचललं आणि तीन डिस्कवर टाकलं. सॉफ्टवेअरने पत्ते पत्त्यांशी ताडले. तंतोतंत जुळले. न जुळायला काय झालं?

"साडेतीन टेराबाइट होतं ते," वहिनी म्हणाली. "किती वेळ लागला होता कॉपी करायला?"

दीर आठवू लागला, आणि आठवलं तसा त्याचा चेहरा उतरला. "सहा सेकंद. मला वाटलं, नवी केबल आणलीय ना..."

त्या केबलचं कौतुक त्याने महिनाभर केलं होतं. दोन शेजाऱ्यांनी ऐकून तशीच आणलीसुद्धा होती.

सत्तावीस लावली. बाण. राहिली ती ताईकडची. ताई म्हणजे वहिनीची मोठी नणंद, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. दीर स्वतःच निघाला. "ताईकडची कदाचित वेगळी असेल," असं दारातून म्हणाला. वेगळी कशी असेल, हे त्याला कळत होतं. वहिनीलाही कळत होतं. पण जाऊ दिलं. समोर बसून तोंड बघण्यापेक्षा ते बरं.

तो गेल्यावर तिने नवऱ्याला फोन लावला. कॅमेरा त्याचा. तो बाहेरगावी शूटिंगवर होता. "कॅमेऱ्याची कार्डं?" तो म्हणाला. "ती कधीच पुसली, अगं. तुमच्याकडे तीन प्रती होत्या ना?"

"होत्या," ती म्हणाली.

मूळ डिस्क तिने शोधून काढली. हिरव्या खुणेनंतर ती रीतसर पुसली गेली होती आणि तिच्यावर फरशीच्या जाहिराती गच्च भरल्या होत्या. हरवलेलं शोधणारं सॉफ्टवेअर तिने दोन तास फिरवलं. चमकत्या फरशीच्या तळाशी मावशींचे तीन शॉट सापडले. एक निम्मा, एक मुका, आणि एकात नुसतं बंद दार.

दोन वाजता नणंदच डिस्क घेऊन आली, मागून दीर. "ही घे बाई तुझी ठेव," नणंद म्हणाली. "दागिन्यांच्या डब्यात ठेवली होती. माझ्या बांगड्या बाहेर काढल्या, पण हिला जागा दिली."

"वन्सं, तुम्ही बसा," वहिनी म्हणाली आणि डिस्क लावली.

बाण.

"काय गं, खराब झाली का? मी हातसुद्धा लावला नाही हो!"

"नाही, वन्सं. जशी दिली तशीच आहे."

नणंदेला हायसं वाटलं. दीर भिंतीला टेकून उभा होता. "वहिनी, मला शिव्या द्या," तो म्हणाला. "शिव्या दिल्यात तर बरं वाटेल."

"मग नाही देत," वहिनी म्हणाली.

तयार फिल्मची एकच प्रत शिल्लक होती, अक्षरांसकटची. चित्र मात्र मोठ्या मापाचं, चॅनेलला लागतं त्याच्या दुप्पट. वहिनी बराच वेळ तिच्याकडे बघत बसली. मग तिने चित्र थोडं मोठं केलं आणि खाली सरकवलं. अक्षरं चौकटीच्या तळातून बाहेर गेली. दर्जा जराही बिघडला नाही.

"निघाली!" दीर ओरडलाच. "वहिनी, निघाली अक्षरं! ताई, बघ!"

नणंद पुढे झुकली. "छान आहे की. बाईंचा चेहरा किती जवळ आला. पण ही बाई करते काय?"

अक्षरांबरोबर चित्राचा खालचा भाग गेला होता आणि हात तिथेच होते. दांडा गेला, उंबरे गेले. मावशी उभ्या होत्या, हसत होत्या, अधूनमधून का कोण जाणे खांदा हलवत होत्या. वहिनीने शॉटमागून शॉट तपासला. अकरा शॉटमध्ये हात वर आले होते. त्यातल्या सात वेळा मावशी केस सारखे करत होत्या.

पाच वाजता तिने मावशींना फोन लावला. सोमवारचं त्यांना सकाळीच कळवलेलं होतं.

"सोमवारी ना? शेजारच्या सगळ्यांना सांगून झालंय माझं," मावशी म्हणाल्या. "खुर्च्या कमी पडणार आहेत."

"मावशी, फिल्ममध्ये हात दिसत नाहीत. आमच्याकडून चूक झाली. नुसता चेहरा दिसतो."

"म्हणजे मी नुसती उभी आहे?"

"उभ्या आहात. बोलताय."

"एकतीस वर्षं?"

वहिनीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लोक म्हणतील, बसून पगार खाल्ला. आणि बसूनही नाही." त्या हसल्या, पण हसणं मध्येच थांबलं. "नाही पाठवलीस तर?"

"तर लागणारच नाही. पुन्हा विचारणारही नाहीत."

"आणि तुझी ही पहिलीच."

"हो."

"मग मला कशाला विचारतेस, पोरी? मी 'नको' म्हणणार नाही, हे ठाऊक आहे म्हणूनच ना?"

मावशींनी फोन ठेवला. वहिनीने फिल्म पुन्हा सुरुवातीपासून लावली, चार मिनिटं बघितली, आणि थांबवली. पावणेसहा होत आले होते. दीर घड्याळाकडे बघत होता; नणंद पर्स मांडीवर घेऊन बसली होती. वहिनीने फाइल पाठवून दिली.

सात वाजता चॅनेलच्या माणसाचा फोन आला. आवाजात पहिल्यांदाच आपुलकी होती.

"पास झाली. खरं सांगू? आधी अक्षरांसकटची पाहिली होती, त्यापेक्षा ही फार उजवी आहे. त्यात ते हात, दांडा, सारखं खाली बघावं लागत होतं. आता कसं, चेहऱ्यावरून हलायचंच नाही! धाडसी निर्णय आहे तुमचा."

"धन्यवाद," वहिनी म्हणाली.

"पुढची फिल्मही अशीच करा. नुसते चेहरे. आम्ही घेऊ."

वहिनीने पडद्याकडे पाहिलं. थांबवलेल्या चित्रात मावशींचा खांदा किंचित वर उचललेला होता.

"बघते," ती म्हणाली.