माझ्या पोटातली चार बिऱ्हाडं

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गार खोलीतली उंच कपाटं येतील. तसलं काही नाही हं! मी जाडजूड पुस्तकाएवढा, एका कोपऱ्याला पोचा आलेला. घरात मला 'डबा' म्हणतात.

माझं तरुणपण दातांच्या दवाखान्यात गेलं. पेशंटना नंबर द्यायचे, एवढंच काम. "कधी म्हणून बंद पडत नाही!" असं डॉक्टर कौतुकाने सांगायचे. मग एक चकचकीत यंत्र आलं आणि माझी रवानगी जिन्याखाली, फिनेलच्या बाटल्यांशेजारी झाली. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

तिथून, दात दाखवायला आलेल्या ताईने मला तिच्या घरी आणलं. माझ्या पंख्यातली धूळ फुंकली, स्वतःच सटासट शिंकली आणि जेवणाच्या टेबलाजवळ, बुटांच्या कपाटावर मला बसवलं.

या घराचा एक नियम आहे. काहीही आलं की चौघांत सारखं वाटायचं, मग तो केक असो की खिडकीजवळची जागा. ताईने माझंही तेच केलं. हायपरव्हायजर नावाचा एक कारभारी तिने माझ्या पोटात बसवला. एका यंत्रात अनेक यंत्रं थाटून देणं हे त्याचं काम. त्याने चार बिऱ्हाडं थाटली: आईच्या शिवणकामाच्या नमुन्यांचं, बाबांच्या फोटोंचं, दादाच्या खेळांचं आणि ताईच्या प्रयोगांचं. माझी मेमरी, म्हणजे काम करताना लागणारी जागा, ताईने चौघांत सारखी वाटून टाकली.

आणि तिथून माझं डोकंच चालेना! प्रत्येक बिऱ्हाडाची वेगळी चूल, म्हणजे यंत्र चालतं ठेवणारा मूळ प्रोग्राम, आणि वेगळी भांडीकुंडी. माणसं झोपली तरी चुली पेटलेल्या. कोणी काही करत नाही, मग माझी मेमरी खातं कोण? कारभाऱ्याकडे पाहावं, तर तोही काहीतरी चघळतोय! जागा संपली की तो गडबडायचा आणि ज्या बिऱ्हाडात काम जोरात चालू असेल त्याचंच दार लावून टाकायचा.

एके दिवशी ते दार नेमकं आईचं निघालं. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मुलांचं नाटक होतं आणि आई शिवत असलेल्या सिंहाच्या पोशाखाची आयाळ माझ्यातल्या नमुन्यावरून अजून कापायची होती.

"अगं, माझा सिंह गेला!" आई ओरडली.

"डबा भंगारात द्या," दादा म्हणाला. "नुसता घरघरतो."

"तू आधी तुझे खेळ बंद कर!" आई म्हणाली.

"का म्हणून? माझा वाटा आहे तो!"

"वाटे तर अगदी सारखे आहेत," ताई पुटपुटली. "मग चुकतंय कुठे?"

मलाही तेच विचारायचं होतं. पण 'भंगार' ऐकून माझा पंखा असा काही सुटला की विचारायचं राहूनच गेलं.

आईच्या मदतीला आलेली मावशी त्या दिवशी जेवण वाढत होती. घरच्या सवयीप्रमाणे चार ताटांत सारखं वाढलं आणि पातेलं रिकामं!

"वा! आणि मी काय नुसता वास घेऊ?" मावशी म्हणाली.

सगळे खो खो हसले. ताई मात्र घास हातात धरून थिजली. "कारभारी! अगं मावशी, मी कारभाऱ्याला काही ठेवलंच नाही!"

उष्ट्या हाताने ती माझ्याकडे धावली. आईने तिला आधी हात धुवायला लावले, ते बरं झालं.

मग तिने कारभाऱ्याचा आणि माझा वाटा आधी बाजूला काढला. चार चुली मोडून एकच चूल मांडली, खोल्या तेवढ्या वेगळ्या ठेवल्या. आता ठरलेला वाटा कोणालाच नाही, म्हणून दादा फुरंगटला. "अरे, खेळशील तेव्हा घे ना," ताई म्हणाली. "झोपल्यावर कशाला हवी जागा?"

आईचा सिंह परतला, आयाळ कापून झाली आणि मी कपाटावरच राहिलो.

मित्रांनो, जुनं यंत्र अडलं तर त्याला भंगारात काढण्याआधी एकदा त्याच्या पोटात डोकावा. आणि वाटे करताना वाढणाऱ्याला विसरू नका.

त्या दिवशी चौघांनी आपापल्या ताटातलं थोडं थोडं मावशीला दिलं, तर तिचंच ताट सगळ्यात भरलेलं दिसू लागलं आणि उपाशी कोणीच राहिलं नाही. हे गणित तर मला अजिबात कळलेलं नाही!