सहा फुटांवरची झाडं

एकोणीसशे तीसच्या दशकातल्या मंदीत सरकारनं बेकार पोरांना छावण्यांत नेलं आणि आमच्या उजाड टेकडीवर पाइनची झाडं लावून घेतली. माझे वडील अर्विड त्यांतलेच, माझी मैत्रीण आर्डिस, तिचे वडीलही. त्या पोरांची पुढे संघटना झाली. ती पोरं वारली, आता त्यांच्या जागी सभासद म्हणून आम्ही दोघी म्हाताऱ्या मुली उरलोय. सगळ्या सभासदांच्या सह्या असल्याशिवाय त्या रानात कुऱ्हाड चालणार नाही, असं गावानं तेव्हाच लिहून दिलंय.

दर जुलैत त्या झाडांखाली बटाट्याचं सॅलड घेऊन गाव जमतं. छावणीच्या यादीची हजेरी होते. बाप गेला असेल तर त्याचं मूल ‘हजर’ म्हणतं. मी छत्तीस वर्षं म्हणतेय. त्या एका शब्दापुरती मी गावात कुणीतरी असते, एरवी मला कोण विचारतं?

मे महिन्यात वनखात्याचा कोस्की तोडणीच्या परवानगीचा कागद घेऊन आला. झाडं सहा-सहा फुटांवर आहेत, एकमेकांचा गळा आवळतायत, खोडांत किडा शिरलाय, असं त्यानं सांगितलं. या शरदात निम्मी काढली नाहीत, तर पाच वर्षांत सगळीच जातील. मी मान खाली घालून ऐकलं. मला हे चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

कागद घेऊन मी आर्डिसकडे गेले. तिनं कॉफी ओतली आणि म्हणाली, “तुझे वडील थडग्यात उठून बसतील.”

“त्यांनीच सांगितलं होतं, तोडा म्हणून. मुद्दाम दाट लावलीत, वीस वर्षांनी निम्मी काढायची, असं ठरलं होतं.”

तिनं कॉफीचं भांडं खाली ठेवलं. “मग इतकी वर्षं तोंडात गुळणी धरून का बसलीस?”

“सगळे त्या झाडांना हात जोडत होते. ही साधी लाकडं आहेत असं म्हटलं असतं, तर जुलैत मला कुणी बोलावलं असतं?”

मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार. खरं सांगते, काढलं असतं तर मी सुटले असते.

आर्डिसनं कागद उलटा करून ठेवला. “आणखी थोडी गप्प बस, व्हर्ना,” ती म्हणाली. “पाच वर्षं आपल्याला पुरतील. मला तरी दुसरं कोण बोलावतंय?”

तिनं ‘नकार’ लिहून सही केली आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मला स्वतःची लाज वाटली. तिच्या सहीखाली मी माझी सही केली.